ठकास महाठक : एका कोरियन मालिकेच्या आस्वादाविषयी

धूर्तांच्या कथा वाचताना किंवा पाहताना होणाऱ्या आनंदाची कबुली देण्यास विद्वज्जन सहसा राजी नसतात. शोकात्म कृतीने डोळे पाणावले, हे सांगण्यात भूषण वाटते. एका ठकाने दुसऱ्या ठकाला कसे बनवले हे पाहता पाहता रात्रीचे दोन वाजले, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो. कृती कोरियन दूरचित्रवाणी मालिका असेल तर हा संकोच दुणावतो. अशा मालिका विद्यार्थी पाहतात, अध्यापक पाहत नाहीत, अशी एक सोयीस्कर समजूत विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरील संभाषणे तिला फारसा दुजोरा देत नाहीत.

भारतात या मालिकांचा प्रवेश आजचा नाही. मणिपूरमध्ये २००० साली एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर आणि वाहिन्यांवर बंदी घातली, त्यानंतर तेथील घराघरांत 'आरिरांग' ही कोरियन वाहिनी पाहिली जाऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांतून शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियनचा उल्लेख आला. तरीही भारतीय साहित्याच्या विभागांत या कथनसामग्रीचा विचार झालाच तर तो 'लाट' किंवा 'वेड' अशा समाजशास्त्रीय सदरांखाली होतो. कथा म्हणून तिच्याकडे पाहिले जात नाही. वस्तुतः निदान धूर्तकथेच्या बाबतीत तरी ज्यांनी दंडी आणि सोमदेव वाचले आहेत त्यांच्याइतका अधिकारी वाचक या मालिकांना क्वचितच मिळेल.

उदाहरणादाखल एकच मालिका घेणे बरे. 'ओसीएन' या कोरियन वाहिनीवर जून ते ऑगस्ट २०१६ या काळात सोळा भागांची एक मालिका प्रसारित झाली. इंग्रजीत ती 'स्क्वॉड ३८' या नावाने ओळखली जाते. लेखन हान जोंग-हून यांचे, दिग्दर्शन हान दोंग-ह्वा यांचे. मूळ कोरियन शीर्षक संस्कृत आलंकारिकांना रुचेल असे श्लिष्ट आहे. 'सागी' म्हणजे फसवणूक, 'गिदोंगदे' म्हणजे तातडीच्या कारवाईचे पथक. दोन्ही शब्दांतील 'गि' हे अक्षर सामाईक करून 'सागिदोंगदे' हा जोडशब्द घडवला आहे. त्याच्या मागे असलेला ३८ हा आकडा कोरियन प्रजासत्ताकाच्या संविधानातील ३८ व्या अनुच्छेदाचा आहे. कायद्याने ठरवून दिल्याप्रमाणे कर भरणे हे सर्व नागरिकांचे कर्तव्य आहे, असे तो अनुच्छेद सांगतो. सोल महानगराने बड्या करबुडव्यांकडून वसुली करण्यासाठी २००१ साली जे पथक उभारले त्यालाही याच अनुच्छेदावरून ३८ हा आकडा मिळाला. म्हणजे शीर्षकातच संविधान आणि ठगी एका अक्षराने एकमेकांना चिकटलेली आहेत. सबंध मालिकेचा पेच त्या चिकटलेल्या अक्षरात आहे.

कथा सोवोन नावाच्या काल्पनिक शहरात घडते. नगरपालिकेच्या करवसुली विभागातील बेक सोंग-इल हा मध्यमवयीन अधिकारी. मा दोंग-सोक या नटाने ही भूमिका केली आहे. चित्रपटांतून एका ठोशात माणूस आडवा करणारा म्हणून प्रसिद्ध असलेला हा आडदांड नट येथे खांदे पाडून, वरिष्ठांपुढे मान लववून वावरतो. या निवडीतच दिग्दर्शकाची अर्धी कामगिरी झाली आहे. श्रीमंत करबुडवे आपली मालमत्ता दुसऱ्यांच्या नावे करून ऐषारामात राहतात, आणि त्यांच्या दारात गेलेला बेक अपमान गिळून रिकाम्या हाताने परततो. दुसरीकडे यांग जोंग-दो हा तरुण, हसतमुख ठक. सो इन-गुक याने तो फार हलक्या हाताने रंगवला आहे. या ठकाने जुन्या मोटारीच्या व्यवहारात खुद्द बेकलाच बनवलेले असते. अखेरीस दोघांत करार होतो : कायदा ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांना फसवून पैसा काढायचा आणि तो कर म्हणून सरकारी तिजोरीत भरायचा. मग सोंगे वठवणारी, संगणकाची कुलुपे उघडणारी, भांडवल पुरवणारी अशी मंडळी जमा होतात आणि डाव मांडले जातात.

हे डाव पाहण्यात जी गंमत आहे तिचे स्वरूप तपासण्यासारखे आहे. नाट्यशास्त्राने सांगितलेल्या तेहेतीस व्यभिचारी भावांत 'अवहित्थ' नावाचा एक भाव आहे. मनातले लपवण्यासाठी चेहऱ्यावर दुसरेच काही आणणे, असा त्याचा आशय. शृंगारात तो क्षणभर येतो आणि जातो. ठकाच्या कथेत मात्र तो तासन् तास मुक्काम ठोकतो. नट पात्राचा अभिनय करतो, ते पात्र आणखी एका पात्राचा अभिनय करते, आणि त्या दुसऱ्या अभिनयात कोठे तरी फट पडेल या धास्तीने प्रेक्षक श्वास रोखून बसतो. वाईट नट चांगल्या ठकाची भूमिका करूच शकत नाही, ही या प्रकाराची एक गमतीदार अट होय.

दुसरी गोष्ट कथनतंत्राची. या मालिकेत डाव फसल्यासारखा दिसतो. सावज हातून निसटते, साथीदार फितूर होतो. मग काळ मागे फिरवून प्रेक्षकाला न दाखवलेला एक प्रसंग दाखवला जातो आणि कळते की फसणे हाच डावाचा भाग होता. सावजाबरोबर प्रेक्षकही बनवला गेलेला असतो आणि त्याबद्दल तो कृतज्ञ असतो. हे तंत्र कोरियन नव्हे. हॉलिवूडच्या 'द स्टिंग' (१९७३) या चित्रपटापासून ते जगभर रुळले आहे. सोळा भागांच्या लांबीत ते तीन-चार वेळा वापरावे लागते, आणि चौथ्या वेळी प्रेक्षक सावध झालेला असतो, ही त्याची मर्यादाही मान्य केली पाहिजे.

कथासरित्सागरातील शिव आणि माधव या दोन धूर्तांची कथा या तंत्राशेजारी ठेवून वाचण्याजोगी आहे. रत्नपूरचे हे दोघे उज्जयिनीच्या लोभी राजपुरोहिताला लुबाडण्याचा बेत करतात. शिव क्षिप्रेच्या काठी कडकडीत तपस्वी होऊन बसतो. माधव दक्षिणापथातून आलेल्या राजपुत्राचे सोंग घेतो. (दक्षिणेकडून आलेला म्हटले की उज्जयिनीत चौकशी होत नसावी.) काच, स्फटिक आणि पितळ यांचे दागिने पेटीत भरून तो पुरोहिताच्या घरी ठेवतो, आजारी पडल्याचे ढोंग करतो आणि सर्वस्व एखाद्या सत्पात्र ब्राह्मणाला दान करण्याचा हट्ट धरतो. येणारा प्रत्येक ब्राह्मण नापसंत होत होत शेवटी शिवाचे नाव निघते. विरक्त शिव नकार देतो. पुरोहित त्याला आपली मुलगी देऊन राजी करतो, आणि पुढे ते 'अमूल्य' दागिने स्वतःकडे ठेवून घेण्यासाठी आपली सारी संपत्ती त्याच्या हवाली करतो. व्यवहाराची लेखी नोंद होते. दागिने खोटे निघाल्यावर प्रकरण राजापुढे जाते. शिव म्हणतो, मला रत्नांची पारख नाही हे मी आधीच सांगितले होते. माधव म्हणतो, मी पुरोहिताकडून काहीच घेतले नाही. दोघांचेही म्हणणे अक्षरशः खरे असते. राजा हसतो.

अकराव्या शतकातील या कथेत सोमदेव वाचकापासून काहीही लपवत नाही. बेत आधीच ठाऊक असतो. उत्सुकता असते ती लोभ माणसाला पायरी पायरीने किती खाली नेतो हे पाहण्याची. कोरियन मालिकेत प्रश्न 'काय झाले' हा आहे, सोमदेवाकडे 'कसे झाले' हा. पहिल्या प्रकारची कृती दुसऱ्यांदा पाहताना निम्मी रंगत ओसरते, दुसऱ्या प्रकारची कथा दहाव्यांदा वाचली तरी पुरोहित शिवाची मनधरणी करू लागला की हसू येते. तथापि 'स्क्वॉड ३८' मधील उत्तम प्रसंग असे आहेत की जेथे प्रेक्षकाला बेत ठाऊक असतो. सावज स्वतःच्या हाताने दडवलेले धन उकरून काढते आणि आपण किती चतुर आहोत या कल्पनेत असते, तेथे ही मालिका सोमदेवाच्या अगदी जवळ येते.

याहून जवळचे नाते दंडीशी आहे. दशकुमारचरितातील दुसऱ्या उच्छ्वासात अपहारवर्मा चंपानगरीत येतो. तेथील कृपण धनिकांना संपत्तीची नश्वरता दाखवून ताळ्यावर आणावे, असा निश्चय करून तो कर्णीसुताच्या, म्हणजे चौर्यशास्त्राचा आचार्य मानल्या गेलेल्या मूलदेवाच्या, मार्गाला लागतो. त्याच्या डावांतील सर्वांत मौजेचा डाव चामड्याच्या थैलीचा. त्याचा मित्र धनमित्र आपल्याला एक चमत्कारी थैली मिळाल्याचे भासवतो. ती रोज सोने देते. पण अट अशी की जवळ बाळगणाऱ्याने अन्यायाने घेतलेले धन ज्याचे त्याला आधी परत करावे आणि न्यायाने मिळवलेले दान करून टाकावे. काममंजरी ही गणिका त्या थैलीच्या मोहात पडते. विरूपक नावाच्या गृहस्थाला तिने पूर्वी पार नागवलेले असते. थैली हाती येताच ती त्याचे धन त्याला परत करते आणि घरातील चीजवस्तूही वाटून टाकते. थैलीतून अर्थातच काही निघत नाही.

करवसुली अधिकारी आणि ठक यांच्या करारातील मूळ कल्पना येथे जशीच्या तशी आहे. न्यायसंस्थेला जे परत करून घेता आले नाही ते लोभाकडून परत करून घेणे. अपराध्याला शिक्षा म्हणून नव्हे तर फायदा म्हणून परतफेड करायला लावणे. दंडी कोरियात पोहोचला असे येथे सुचवायचे नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. कर चुकवणारा धनिक आणि हतबल अधिकारी ही जोडी जेथे असेल तेथे ही कल्पना पुन्हा सुचू शकते.

प्रभावाचा प्रश्न मात्र एका वेगळ्या जागी खराखुरा उपस्थित होतो. पाली जातकांतील सुंसुमार जातकात मगर वानराचे काळीज मागते आणि वानर सांगतो की काळीज झाडावरच राहिले. पंचतंत्राच्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्राची हीच मुख्य कथा. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांतून ती कोरियात गेली. तेथे वानराचा ससा झाला, मगरीचे कासव झाले आणि काळजाचे यकृत झाले. कोरियन गायनाख्यानाच्या, म्हणजे पान्सोरीच्या, आज शिल्लक असलेल्या पाच मोठ्या आख्यानांपैकी 'सुगुंगा' हे याच कथेवर उभे आहे. किम बु-सिक याने ११४५ मध्ये सिद्ध केलेल्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात ती एका राजकीय प्रसंगात येते. सिल्लाचा राजपुरुष किम छुन-छू ६४२ मध्ये मदत मागण्यासाठी गोगुर्योच्या दरबारी गेला आणि भूप्रदेश परत करण्याच्या मागणीपायी तेथे बंदिवासात पडला. त्याने कापडाची लाच दिलेल्या एका दरबाऱ्याने त्याला सशाची ही गोष्ट ऐकवली. छुन-छू काय ते समजला; परत गेलो की प्रदेश देववतो, असे वचन देऊन सुटला आणि सीमा ओलांडल्यावर ते वचन जीव वाचवण्यापुरते होते असे त्याने कळवले. पुढे हाच सिल्लाचा राजा झाला. भारतातून गेलेली एक ठकबाजीची कथा कोरियात प्रत्यक्ष ठकबाजीचे हत्यार म्हणून वापरली गेली, इतके या नोंदीवरून म्हणता येते, आणि तौलनिक अभ्यासकाला एवढे पुष्कळ आहे.

कोरियन लोकपरंपरेचा स्वतःचा नायकही आहे. प्योंगयांगच्या किम सोंदालने तेदोंग नदीचे पाणी विकले, ही गोष्ट तेथील मुलामुलांना ठाऊक असते. पाणक्यांना आदल्या दिवशी नाणी वाटून ठेवायची, दुसऱ्या दिवशी सोलच्या व्यापाऱ्यांदेखत त्यांनी एकेक नाणे देऊन पाणी भरायचे. व्यापाऱ्यांना वाटले नदी याच्याच मालकीची. २०१६ च्या जुलैमध्ये, ही मालिका चालू असतानाच, किम सोंदालवरचा एक चित्रपटही कोरियात प्रदर्शित झाला. त्या उन्हाळ्यात कोरियन प्रेक्षकाला ठक हवे होते असे दिसते.

आता मूळ मुद्दा. ठकांच्या धंद्यात एक सिद्धान्त प्रचलित आहे : प्रामाणिक माणसाला फसवता येत नाही. फसतो तो लोभी असतो, म्हणून फसतो. सोमदेवाचा पुरोहित, दंडीची काममंजरी आणि नदी विकत घेणारे व्यापारी या सिद्धान्ताला सोयीचे आहेत. वाचकाच्या हसण्याला त्यामुळे नैतिक परवाना मिळतो. हा सिद्धान्त ठकांनी आपल्या सोयीसाठी रचलेला आहे आणि तो खोटा आहे. कोरियात २००६ पासून दूरध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीने सामान्य कुटुंबांची बचत धुऊन नेली आहे. भारतात 'डिजिटल अटक' या नावाखाली पोलिसांचे किंवा न्यायाधीशांचे सोंग घेऊन लोकांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले की पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. या फसवणुकीत लोभाला जागाच नसते. निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध फसतो तो भीतीमुळे, आणि कायद्याविषयीच्या आदरामुळे. जो कधी पोलीस ठाण्याची पायरी चढला नाही तोच खाकी गणवेश पडद्यावर दिसताच गारठतो.

'स्क्वॉड ३८' चे वेगळेपण येथे आहे. तिच्यातील पहिला फसलेला माणूस बेक सोंग-इल हा आहे. संसाराला ओढग्रस्त होऊन स्वस्तात एक जुनी मोटार पाहणाऱ्या माणसाला लोभी म्हणणे निर्लज्जपणाचे होईल. ठक हा तारणहार म्हणून प्रवेश करण्यापूर्वी प्रेक्षकाने त्याला एका सज्जनाच्या खिशात हात घालताना पाहिलेले आहे, आणि पुढच्या प्रत्येक डावाच्या वेळी मा दोंग-सोकच्या चेहऱ्यावर ती आठवण पुसटशी शिल्लक असते. दोघांची मैत्री जमते, तरी विश्वास कधी पुरता बसत नाही. डाव यशस्वी झाल्यावर बाकीची मंडळी जल्लोष करतात तेव्हा हा अधिकारी आनंदात असतो, पण पुरता मोकळा नसतो. कायद्याचे काम कायद्याबाहेर जाऊन करताना त्याची नोकरी, त्याचे नाव आणि त्याची स्वतःविषयीची समजूत पणाला लागलेली असते. त्याच्या या अवघडलेपणामुळेच गमतीला वजन येते.

मराठी प्रेक्षकाला या संदर्भात अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' आठवणे अपरिहार्य आहे. १९६२ मध्ये दिल्लीत पहिला प्रयोग झालेल्या या नाटकात प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेने नाट्यगृहे जिंकली ती न्यायालयाच्या चौकटीत. फसवल्या गेलेल्या स्त्रिया एकामागून एक साक्षीला उभ्या राहतात, आणि प्रेक्षक मात्र आरोपीच्या पुढच्या उत्तराची वाट पाहतो. त्या नाटकाचे सामर्थ्य आणि त्याची अस्वस्थ करणारी जागा एकच आहे. तेथे सावज लोभी नाही आणि तरीही हसू येते. ते हसू कशाचे, हा प्रश्न मराठी समीक्षेने नटाच्या कौतुकाखाली बराचसा दाबून टाकला. कोरियन मालिकेने तुलनेने सोपी वाट धरली आहे. बेक वगळता तिची सावजे घृणास्पद आहेत, आणि उत्तरार्धात नगराच्या सत्तेतील मंडळीच लक्ष्य झाल्यावर तर खलत्वाचे रंग फारच भडक होतात. पहिल्या काही भागांतील क्षुद्र, ओळखीचा, शेजारच्या इमारतीत राहत असावा असा करबुडवा तेथे उरत नाही. कथा भव्य होते आणि तितकीच सैल होते.

२०२३ मधील 'इरोउन सागी' या कोरियन मालिकेने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. तिचे शीर्षक 'हितकारक फसवणूक' असे वाचता येते आणि नायिकेच्या नावाशी खेळही करते. दुसऱ्याचे दुःख न जाणवणारी ठक स्त्री आणि ते गरजेपेक्षा अधिक जाणवणारा वकील यांना तिने समोरासमोर उभे केले. कल्पना अधिक धीट, पण मानसशास्त्राच्या परिभाषेचा भार तिला थोडा जड झाला आहे. नगरपालिकेच्या करवसुली विभागातील जुनाट टेबले, फायली आणि वरिष्ठांची उद्धट खुर्ची यांतून जे सहज उलगडते ते तेथे संवादांतून सांगावे लागते.

भारतीय कथासाहित्याच्या अभ्यासक्रमात दशकुमारचरिताचा दुसरा उच्छ्वास आणि या मालिकेचे पहिले चार भाग एकाच आठवड्यात लावावेत, असे सुचवणे विक्षिप्तपणाचे ठरू नये. विद्यार्थ्यांना दुसरी कृती आधीच पाठ असते आणि पहिलीचे नावही ऐकलेले नसते. दंडीकडे जाण्यासाठी याहून जवळची वाट सापडणे कठीण. तेथे पोहोचल्यावर एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. थैलीच्या डावात चोरीचा आळ अर्थपती नावाच्या व्यापाऱ्यावर ढकलला जातो. तो धनमित्राच्या मार्गातील अडसर असतो, पण थैली त्याने चोरलेली नसते. राजा त्याला देहान्ताची शिक्षा सांगतो. धनमित्र मोठ्या मनाने रदबदली करतो आणि मग त्याला सर्वस्व हिरावून घेऊन देशोधडीला लावले जाते. दंडी हे दोन-चार वाक्यांत उरकतो आणि पुढच्या डावाकडे वळतो. अर्थपती कोठे गेला, हे अपहारवर्मा सांगत नाही आणि त्याची कथा ऐकत बसलेला राजवाहनही विचारत नाही.